मीठ कमी आहे का गं?

जानेवारीत एका शनिवारी शिरढोणला पोपटी लावायची हा आमच्याकडचा जुना नेम. वालाच्या शेंगा येतात, थंडी असते, आणि पनवेलपासून पुण्यापर्यंत पांगलेली भावंडं या एका निमित्ताने एकत्र येतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, ज्यांना चालतं त्यांच्यासाठी कोंबडी, मग ओवा आणि खडेमीठ, पुन्हा पाला. मडकं उलटं करायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाणी नाही, तेल नाही. त्यामुळे सगळी मदार मिठावर. आणि मीठ घालायचं ते माईनेच. माई म्हणजे माझी आत्या. वय वर्षं चौऱ्याहत्तर. गेली चाळीसेक वर्षं तिच्या मुठीवर आमची पोपटी चालली आहे.

यंदा माईने मिठाची पिशवी उचलली आणि वहिनीच्या हातात दिली.

"तू घाल. मला विचारू नकोस."

"आई, तुम्हीच घाला ना, दरवर्षी तुम्हीच..."

"अगं घाल म्हटलं ना."

बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. दादा पेंढा सारखा करत होता, पोरं मोबाईलमध्ये होती. पण गेल्या दोन वर्षांत त्या घरात मिठावरून काय काय झालंय ते मला माहीत होतं, त्यामुळे मी जरा बाजूला जाऊन उभा राहिलो. आज लिहितोय ते त्याबद्दलच. माईला विचारून लिहितोय. "लिही, पण माझं नाव घालू नकोस," एवढीच तिची अट.

झालं असं. माईचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. पुढे पडद्यामागे हाड कुरतडणारा रोग निघाला आणि ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन चांगलं झालं. कान कोरडा झाला, चक्कर गेली. सगळे खूश. पण आठवड्याभरात माई म्हणायला लागली, "तोंडात लोखंड चाटल्यासारखं होतंय."

औषधांमुळे असेल, आम्ही म्हटलं. औषधं संपली, लोखंड काही गेलं नाही. मग जेवणाच्या तक्रारी सुरू झाल्या. आमटीला चव नाही. भाजी मातकट. माई वरून मीठ घ्यायला लागली, आणि तिला रक्तदाबाची गोळी चालू. डाळीत मिरच्या वाढल्या. कडव्या वालांचं बिरडं ही तिची खास चीज. भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून केलेलं, गूळ-आमसुलाचा तोल अचूक सांभाळलेलं बिरडं. ते एकदा तिने स्वतः केलं आणि ताटातल्या ताटात सारलं. "वालच जुने दिलेत मेल्याने," म्हणाली. वाल जुने नव्हते. आम्ही तेच खाल्लं होतं.

घरात दुसरं माणूस रांधतं ती वहिनी. तेव्हा शेवटी खापर कुणावर फुटणार हे सांगायला नको. माई आधी सौम्यपणे म्हणायची, "मीठ कमी आहे का गं?" मग, "हल्ली तुझं लक्ष नसतं." मग एके दिवशी शेजारच्या बाईंसमोर, "हिच्या हाताची चवच गेली." वहिनी उलट बोलणाऱ्यातली नाही. तिने एवढंच केलं की पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा आमटीची वाटी पुढे करून विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. बिघडलंय का माझ्या हातचं?" एकोणीस वर्षं त्या घरात रांधणारी बाई. मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. आमटी छान होती.

डॉक्टरांनाही सांगून झालं. "वयोमानाने होतं" हे एक उत्तर. "रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे दुसरं. तिसरं कुणी उच्चारलं नाही पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं, म्हातारीला लक्ष वेधून घ्यायचंय. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं.

शेवटी पनवेलमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी माईचं म्हणणं शांतपणे ऐकलं, आणि मग चार छोट्या बाटल्या काढल्या. साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबाच्या सत्त्वाचं आणि कडू क्विनाइनचं. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत गोड, खारट, आंबट, कडू असं लिहिलेलं. "आजी, जीभ बाहेरच ठेवा, बोलायचं नाही. काय लागतंय ते बोटाने दाखवा." जीभ आत गेली की थेंब सगळीकडे पसरतो आणि कुठल्या भागाला कळलं ते समजत नाही, म्हणून ही युक्ती. जिभेच्या उजव्या बाजूला थेंब ठेवला की माईचं बोट बरोबर शब्दावर जायचं. डाव्या बाजूला, पुढच्या भागात, काहीच नाही. मीठ नाही, साखर नाही. बोट हवेत तसंच. मागच्या भागात मात्र कडू कळलं.

पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. दोन वर्षांचं भांडण त्यात उलगडलं.

शाळेत कानाची आकृती काढलेली आठवते ना? हातोडी, ऐरण, रिकीब. त्या हातोडी आणि ऐरणीच्या मधून एक बारीकशी नस जाते. तिचा ऐकण्याशी काहीही संबंध नाही. ती जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव मेंदूकडे घेऊन जाते. वाट मात्र कानातून! निसर्गाने ही वायरिंग का अशी केली कोण जाणे. जिभेचा मागचा भाग दुसऱ्या नसेवर, घशाकडचा थोडा भाग तिसऱ्या. कानाच्या ऑपरेशनमध्ये ही पहिली नस कधी ताणली जाते, आणि रोग तिच्याभोवती पसरला असेल तर कधी कापावीच लागते. त्यात हलगर्जीपणा असतोच असं नाही, रोग काढायचा तर तेवढी किंमत द्यावी लागते. माझी तक्रार वेगळी आहे. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही, आणि नंतर माई सांगत होती तेव्हा कुणी ऐकलं नाही.

मग तुम्ही म्हणाल, एक बाजू गेली तर बाकीची जीभ होतीच की! बरोबर. म्हणूनच तर तिच्यावर कुणाचा विश्वास बसेना. जेवताना घास तोंडभर फिरतो, उरलेल्या नसा काम भागवतात, आणि अशी एक बाजू गेलेल्या कितीतरी जणांना पत्ताही लागत नाही. पण काहींना भलतीच चव लागत राहते, लोखंडाची, खारी, कडवट. चवीवर आयुष्य घालवलेल्या लिंडा बार्टोशुक या अमेरिकन संशोधक बाईंनी त्याचं एक स्पष्टीकरण मांडलं आहे. चवीच्या नसा मेंदूत एकमेकींना थोडं दाबून ठेवतात. एक गप्प झाली की दुसऱ्यांवरचा दाब सुटतो आणि नसलेली चव उमटते. त्यात वयाचा भाग आहेच, गोळ्यांचाही असतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने काहींच्या तोंडाला धातूची चव येते, हे घेणाऱ्यांना माहीत असेल.

आणि मिरच्या का वाढल्या, तेही कळलं. तिखट ही मुळात चवच नाही. ती झोंबण्याची, भाजण्याची जाणीव, आणि ती वेगळ्याच नसेवरून जाते. माईची ती नस शाबूत होती. जेवणात काहीतरी 'लागावं' म्हणून ती मिरची घालत होती. आपल्या आयुर्वेदाने तिखटाला सहा रसांत बसवलंय, 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू, हा गोंधळ मराठी माणसाला नेहमीचा. पण माईच्या ताटात कडू आणि तिखट या दोघांची ताटातूट झालेली मी डोळ्यांनी पाहिली.

त्या दिवशी दवाखान्यात वहिनीने एकच प्रश्न विचारला. "म्हणजे डॉक्टर, माझ्या हातचं बिघडलं नव्हतं ना?" डॉक्टरीणबाईंना त्या प्रश्नाचा अर्थ कळला नसावा. माईला कळला. ती काही बोलली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

हे सगळं रात्री जेवताना सांगत होतो तर माझा पुतण्या, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणाला, "काका, पण यात आजीने बोट दाखवलं तेच खरं मानायचं ना? उद्या कुणी मुद्दाम चुकीचं दाखवलं तर? डोक्याला वायरी लावून डायरेक्ट मेंदूत का नाही बघत?" प्रश्न चांगला होता, म्हणून मग वाचत बसलो.

तर मंडळी, बघता येतं. कानासाठी तर हे रोजचं आहे. 'बेरा' टेस्ट तुमच्यापैकी कुणाच्या बाळाची झाली असेल. झोपलेल्या बाळाच्या कानात टिक्-टिक् आवाज सोडतात, डोक्याला चिकटवलेल्या तारांतून मेंदूची लाट टिपतात, आणि बाळाला ऐकू येतंय की नाही ते त्याला न विचारता कळतं. डोळ्यांसाठीही तशीच तपासणी आहे. चवीसाठीही जगात काही प्रयोगशाळांनी ती करून दाखवली आहे. पण आपल्या नेहमीच्या दवाखान्यातल्या तपासण्यांत ती नाही. का नाही, ते मजेशीर आहे.

मेंदूतली वीज डोक्याच्या कातडीवरून पहिल्यांदा टिपली जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. पण एका थेंबाला मेंदूने दिलेलं उत्तर असतं काही मायक्रोव्होल्टचं, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात. मेंदूची स्वतःची चाललेली गजबज त्याच्या कित्येक पट. शिरढोणच्या भाषेत सांगायचं तर, हायवेवर गोव्याकडे ट्रक धडधडत चाललेत आणि तुम्हाला आतल्या देवळातली घंटा ऐकायची आहे. एकदा वाजली तर ऐकू येणार नाही. पण समजा घंटा शंभर वेळा वाजवली, दर वेळी वाजवल्या क्षणापासून पुढचा एक सेकंद टिपला, आणि ती शंभर टिपणं एकावर एक ठेवून सरासरी काढली, तर? ट्रकांची वेळ ठरलेली नाही, ते कधी वर कधी खाली, सरासरीत विरत जातात. घंटा दर वेळी त्याच जागी. ती शिल्लक राहते. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५४ साली हे बेरजेचं तंत्र मांडलं, आणि आजची बेरा त्याच तत्त्वावर चालते. शंभर टिपणांनी गलका दहापट कमी होतो, दहा हजारांनी शंभरपट. वर्गमुळाचा हिशेब.

कानात टिक्-टिक् काही मिनिटांत हजार-दोन हजार वेळा करता येते. जिभेवर मिठाचा थेंब हजार वेळा कसा टाकणार? एक थेंब टाकला की धुवायचा, थांबायचं, मग दुसरा. घाई केली तर जीभ सरावते आणि उत्तर द्यायचंच सोडते. दुसरी पंचाईत, थेंब टाकला की जिभेला आधी स्पर्श कळतो. तो थंड असेल तर थंडावा कळतो. मेंदूची लाट उठली ती मिठाची की नुसत्या ओलेपणाची, कसं ठरवायचं? म्हणून जिभेवरून एकसारखं, जिभेच्याच तापमानाचं पाणी वाहतं ठेवतात आणि पाण्याचा जोर जराही न बदलता क्षणात त्या जागी मिठाचं पाणी सोडतात. जिभेला वाटलं पाहिजे की काही झालंच नाही, फक्त चव आली. यासाठीच्या यंत्राला गस्टोमीटर म्हणतात. तिसरी पंचाईत, माणूस गिळतो. जीभ हलली की तिच्या स्नायूंची वीज मेंदूच्या लाटेला पार बुडवून टाकते. जपानच्या फुनाकोशी आणि कावामुरा यांनी १९७१ मध्ये माणसाच्या मेंदूची चवीला दिलेली अशी उत्तरं टिपून छापली. पुढे जपानमध्येच मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजून चव मेंदूत आधी कुठे पोचते ते शोधलं गेलं. कानशिलाच्या आत, घडीत लपलेला एक भाग असतो, तिथे.

आणि हे फक्त जर्मनी-जपानचं नाही बरं का. आपल्या कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दिकी यांनी १९७० च्या दशकात फळमाशीवर काम सुरू केलं. केळ्यावर घोंगावते ती चिमुकली. तिला चव कळते तोंडावरच्या आणि पायांवरच्या बारीक केसांतून. एका केसाच्या टोकावर साखरेच्या किंवा मिठाच्या पाण्याने भरलेली काचेची नळी टेकवायची. तीच नळी चव देते आणि तीच तार म्हणून विजेचे ठोके टिपते. सिद्दिकी आणि त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास आणि चव नेहमीसारखी न ओळखणाऱ्या माश्यांचे प्रकार शोधून काढले आणि त्यामागच्या जनुकांचा माग घेतला. १९७८ मध्ये त्यांचा निबंध आला. मुंबईत बसून, एका केसावर! माशी काही "मीठ कमी आहे का गं" असं म्हणत नाही. तिचं म्हणणं मात्र विजेच्या ठोक्यांतून ऐकलं गेलं. आणि आमच्या माईचं, ती तोंडाने सांगत असतानाही, ऐकायला दोन वर्षं लागली.

तेव्हा माझं मत विचाराल तर असं आहे. पुतण्याला ते पूर्ण पटलेलं नाही, तुम्हालाही पटेलच असं नाही.

एक. हे यंत्र हवं. एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, एखाद्या शिकवणाऱ्या संस्थेत तरी हवं. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी. पक्षाघाताने वाचा गेलेला माणूस जेवत नाही, तो चव जाऊन जेवत नाही की आणखी कशाने? स्मृतिभ्रंश झालेली आजी, बोलू न शकणारं मूल, यांना पुठ्ठ्यावरचे शब्द दाखवून काय होणार? आणि वाद झाला तर त्यांच्यासाठीही, कारण वादात बोटाला किंमत नसते, कागदाला असते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलंय. डोळे आहेत, कान आहेत, वाचा आहे. चव आणि वास नाहीत. त्यांचा समावेश करावा की नाही हा वेगळा वाद, पण जे मोजता येत नाही ते कुठल्याच यादीत येत नाही, हे खरं.

दोन. तरीही लाट म्हणजे सत्य आणि माईचं बोलणं म्हणजे केवळ तक्रार, असं मानायला मी तयार नाही. लाट सांगते की मिठाचा निरोप मेंदूत पोचला. तो कसा वाटला ते ती सांगत नाही. माकडांवरच्या प्रयोगांत एडमंड रोल्स आणि सहकाऱ्यांना हेच दिसलं होतं. माकडाचं पोट भरल्यावरही चवीच्या पहिल्या ठाण्यातल्या पेशी तशाच उत्तर देत राहतात. कपाळामागच्या पुढच्या ठाण्यात मात्र, ज्या पदार्थाने पोट भरलं त्याच्यापुरतं उत्तर मंदावतं. म्हणजे 'काय आहे' आणि 'हवंसं आहे का' हे डोक्यात वेगवेगळ्या जागी ठरतं. उद्या माईच्या डोक्याला तारा लावल्या आणि लाट सुरेख आली, तर डॉक्टर काय म्हणतील? "रिपोर्ट नॉर्मल आहे." पुन्हा तेच! माईच्या तोंडातलं लोखंड त्या कागदावर उमटेलच असं नाही. दोन माणसांना एकाच वस्तूची चव वेगळी लागू शकते आणि दोघंही खरं बोलत असू शकतात. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक पूड हवेत उडाली. सहकारी म्हणाला कडू जहर आहे, फॉक्स म्हणाला मला तर काहीच लागत नाही. दोघं भांडले. पुढे निघालं की हा फरक रक्तातूनच येतो, आणि २००३ मध्ये त्याचं जनुकही सापडलं. दोघांपैकी कुणीच नाटक करत नव्हतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. यंत्र येईपर्यंत थांबायची गरज नाही. साखर, मीठ, लिंबाचं सत्त्व, क्विनाइन. चार बाटल्या आणि एक पुठ्ठा. कानाच्या ऑपरेशनआधी एकदा आणि नंतर एकदा हे करायला कितीसा वेळ लागतो? अक्कलदाढ काढतानाही जवळून जाणारी जिभेची नस दुखावू शकते, तिथेही हेच. आणि आपल्याकडे तर कारण त्याहून मोठं आहे. तंबाखू-गुटख्याने तोंडाचे कर्करोग इतके. आमच्याच तालुक्यात खारघरला टाटा मेमोरियलचं ऍक्ट्रेक आहे, तिथे बाहेर डबे घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तोंडावर किरणोपचार सुरू झाले की काही आठवड्यांत चव जायला लागते. बऱ्याच जणांची महिन्यांनी परत येते, सगळ्यांची पूर्ण येतेच असं नाही. घरचे पहाटे उठून त्याच्या आवडीचं करून आणतात आणि तो डबा ढकलून देतो. डबा आणणाऱ्या बायकोला कुणीतरी सांगायला हवं, की बाई, हे तुझ्या हातचं नाही.

कोविडने एक गोष्ट मात्र केली. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने वास किंवा चव जाणं हे लक्षणांच्या यादीत घातलं आणि अचानक सगळा देश कॉफीचा डबा हुंगून बघायला लागला. मला २०२१ च्या एप्रिलमध्ये झाला होता. कांदा चिरला, डोळ्यांतून पाणी आलं, वास शून्य. पण मीठ कळत होतं, साखर कळत होती. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला केवढा तरी भाग नाकाचा असतो, हे तेव्हा कळलं. त्या दिवसांत "मला चव लागत नाही" म्हटलं की लोक पटकन विश्वास ठेवायचे, कारण पेपरात आलं होतं. साथ ओसरली आणि तो विश्वासही ओसरला.

एवढं सगळं वाचल्यावर मला स्वतःचीच जरा लाज वाटली. मी त्या घरात दर महिन्या-दोन महिन्यांनी जेवत होतो. माईला एकदा तरी विचारायला हवं होतं, "नक्की कुठे लागत नाही? गोड कळतं का? जिभेच्या कुठल्या बाजूला?" त्याऐवजी मी आमटी छान आहे म्हणून वहिनीला सांगितलं आणि माईसमोर गप्प बसलो. दोघींनाही अर्धं अर्धं सांभाळून घेतलं. त्याने कुणाचंच भलं झालं नाही.

माई आता कशी आहे? लोखंड बरंच कमी झालंय म्हणते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अशा तक्रारी पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत निवळतात, पण डाव्या बाजूची चव परत येईल अशी खात्री त्यांनी दिली नाही. वरचं मीठ मात्र माईने बंद केलं, कारण आता ते कशासाठी घेत होती ते तिला कळलंय. शेजारच्या त्या बाई एकदा आल्या होत्या तेव्हा माई त्यांना म्हणाली, "माझी नस गेली होती हो, हिचं काही चुकलं नव्हतं." वहिनी आत होती. तिने ऐकलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

पोपटीचं मडकं फोडलं तेव्हा माईने पहिली शेंग उचलली, वास घेतला, दाणा तोंडात टाकला, उजव्या बाजूने चावत राहिली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

"मला निम्मंच कळतं," म्हणाली. "पण बरोबर वाटतंय. तुम्ही सांगा."

मीठ अगदी बेताचं होतं. ओवा थोडा जास्त झाला होता, पण तो दादाने घातला होता, त्याबद्दल पुन्हा कधीतरी :-)

असो. बिरड्याचं प्रमाण बऱ्याच जणांनी मागितलंय. वहिनी आणि माई दोघी मिळून सांगणार आहेत, लिहून झालं की टाकतो. आणि तुमच्या घरी कुणी रोज "मीठ कमी आहे का गं" म्हणत असेल, तर उत्तर द्यायच्या आधी चार वाट्या मांडून बघा.